टॅब मेला नसेल, उपाशी असेल

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय:

"दादा, नमस्कार. मी घरी कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी करून विकते. मुलाने तीन वर्षांपूर्वी टॅब घेऊन दिला. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, कुणाकडून किती येणं आहे, सगळं त्यात लिहिलंय. वटपौर्णिमा झाल्यावर मी मुलाकडे डोंबिवलीला गेले, गणपतीच्या चार दिवस आधी परत आले. टॅब कव्हर मिटून कपाटात साड्यांखाली ठेवला होता. आल्यावर बघते तर चालूच होत नाही. त्याचा चार्जर पावसाभर बोर्डालाच लावलेला होता, तो लावून बघितला. मग माझ्या जुन्या फोनच्या चार्जरला रात्रभर ठेवला. काहीच नाही. शेजारणीने सांगितलं म्हणून दोन दिवस तांदळाच्या डब्यातही ठेवला. पुतण्या चिपळूणला एका दुकानात घेऊन गेला, तर मदरबोर्ड गेला म्हणाले, सहा हजार लागतील, त्यापेक्षा नवीन घ्या. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात. नवीनच घ्यावा का? आणि माझी यादी गेली का?"

ताई, नमस्कार.

आधी यादीचं बोलू, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. ती यादी तुम्ही कशात लिहीत होतात, ते आठवा. गूगलच्या कॉन्टॅक्ट्समध्ये, कीपमध्ये किंवा शीट्समध्ये लिहिली असेल, तर ती एकट्या टॅबमध्ये नसते, तुमच्या जीमेल खात्यातही असते. तुमच्या फोनवर तेच खातं उघडा आणि बघा. फोटोंचंही तेच, गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर फोनवर दिसतील. हे आजच करा. यादी सापडली तर बाकीचं काम शांतपणे करता येईल. सापडली नाही, तर ती टॅबच्या पोटात आहे असं समजा आणि एक गोष्ट पक्की करा: तुम्हाला विचारल्याशिवाय कुणीही तो टॅब फॉरमॅट किंवा रीसेट करायचा नाही. पुतण्याने नाही, दुकानदारानेही नाही. रीसेट केला की टॅब चालू होईलही, पण आतलं सगळं पुसलं जातं आणि ते परत येत नाही.

आता टॅब. तो हातात घ्या आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर किंवा सपाट फरशीवर उताणा ठेवा, कव्हर काढून. एका कोपऱ्याला बोटाने हलकं ढकला. सपाट असेल तर सरकेल. भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरला, डुगडुगला, किंवा काच चौकटीपासून कुठे उचललेली दिसली, तर बॅटरी फुगलीय. मग पुढचं काहीही करू नका. चार्जरला लावू नका, दाबून बसवू नका, सुरी घालून उघडू नका. आत वायू धरलेला असतो, भोक पडलं तर पेट घेते. कापूस, कागद, लाकूड यांपासून दूर, मातीच्या परातीत किंवा फरशीवर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, ती दुकानदाराकडेच ठेवायला सांगा. बॅटरी तीन वर्षांची आहे म्हणून हे पहिलं तपासायला सांगतोय.

सपाट असेल, तर माझी खात्री आहे की अजून आशा आहे. कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "कव्हर मिटून ठेवला होता." कव्हर मिटलं की पडदा विझतो, टॅब बंद होत नाही. तो आत जागाच असतो, नेटवर्क शोधत, घड्याळ चालवत. अशा स्थितीत आठ-पंधरा दिवसांत बॅटरी उतरते. तुम्ही दोन-अडीच महिने नव्हतात. उतरल्यावरही आतला छोटासा सर्किट थोडं थोडं खातच राहतो. बॅटरीतला लिथियम सेल पूर्ण भरला की साधारण 4.2 ते 4.4 व्होल्टचा असतो, साधारण 3 व्होल्टवर आला की टॅब आपणहून बंद पडतो. तिथून तो आणखी खाली गेला की टॅब पूर्ण मेल्यासारखा दिसतो. चार्जर लावला तरी बॅटरीचं चित्रसुद्धा येत नाही, कारण चित्र दाखवायलाही ताकद लागते.

आपल्याकडे माणूस तापातून उठला की त्याला एकदम वरणभात देत नाहीत, आधी पेज देतात. टॅबही नेमकं तसंच करतो. सेल फारच उतरलेला असेल तर आतली चार्जिंगची आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी छोटी चिप, आधी अगदी बारीक करंट देते, नेहमीच्या साधारण दहावा हिस्सा. सेल 3 व्होल्टच्या आसपास आला की मग पूर्ण करंट सुरू होतो. ही पेज चालू असते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी आपण दर पाच मिनिटांनी बटण दाबून बघतो. प्रत्येक दाबण्याने टॅब उठायचा प्रयत्न करतो आणि जमवलेलं थोडंथोडकं खर्च करून टाकतो. मग आपण म्हणतो, रात्रभर लावला तरी काही नाही.

पण पेज द्यायची तर ती पोटात पोचली पाहिजे. तुमच्या बाबतीत तिथेच दोन-तीन अडथळे दिसतायत, ते एकेक करून काढू.

पहिला, टॅबचा मूळ चार्जर. तो पावसाभर बोर्डाला लावलेला होता. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर लाईनवर फांद्या पडतात, विजा होतात. कधी खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, तुटतो, मग घरात 230 ऐवजी 400 व्होल्टच्या जवळ दाब येऊ शकतो. बल्ब लखलख करून उडतात ते तेव्हाच. कमी दाबाने चार्जरला काही होत नाही, त्यावर बारीक अक्षरात इनपुट 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं. जास्त दाबाने मात्र तो जातो, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून तो चार्जर आणि तीच केबल घेऊन दुसरं काहीतरी चार्ज करून बघा, पुतण्याचा फोन चालेल. फोन चार्ज झाला तर दोन्ही ठीक. नाही झाला तर केबल बदलून परत बघा. सॉकेटही बदला. बोर्डातली पिन सैल झालेली असते, त्यावर गंजाचा थर आलेला असतो. मिक्सर चालतो त्याच पॉइंटवर लावून बघा म्हणजे शंका राहणार नाही.

दुसरा, तुमच्या जुन्या फोनचा चार्जर. त्यावर आउटपुट 5 व्होल्ट 1 अँपियर असेल, म्हणजे 5 वॉट. टॅबला 10 वॉट किंवा जास्त लागतात. 5 वॉटनेही भरेल, पण फार हळू, आणि केबल लांब-बारीक असेल तर त्यातलंही बरंच वाटेत जातं. कॉम्प्युटरला लावाल तर आणखी वाईट, जुन्या यूएसबीच्या भोकातून अर्धाच अँपियर मिळतो. उलट मोठा चार्जर लावायला घाबरू नका. 25 वॉटचा चार्जर 25 वॉट ढकलत नाही, टॅब मागेल तेवढंच देतो. सुरुवात 5 व्होल्टनेच होते, टॅबने मागितल्याशिवाय दाब वाढत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, दुकानातही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तुमचा टॅब तीन वर्षांचा आहे, म्हणजे बहुतेक टाइप-सी पिनचा. आजकालच्या चार्जरलाही टाइप-सीचंच भोक असतं, केबल दोन्हीकडे सारखी. असा चार्जर समोर टॅब आहे की नाही हे आधी तपासतो, आणि टॅबमधला एक ठरावीक रेझिस्टर (करंटला अडवणारा बारीकसा भाग) सापडला तरच करंट सोडतो. काही स्वस्त टॅबमध्ये तो रेझिस्टर बसवलेलाच नसतो. मग कितीही महाग चार्जर लावा, शून्य. अशा टॅबला एका बाजूला जुनी चौकोनी मोठी पिन आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी, अशी केबल लावली की लगेच चार्ज होतो. तुम्ही कुठली केबल लावत होतात ते बघा. दोन्ही प्रकारच्या लावून बघा.

नवा चार्जर घ्यावाच लागला तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर आहे का ते बघा. हा नंबर ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी आणि वस्तू कुठली ते दिसतं. जत्रेत मिळणारा शंभर रुपयांचा चार्जर टॅबला लावू नका, एवढं माझं ऐका.

तिसरा अडथळा सगळ्यात मोठा, आणि आपल्या किनाऱ्यावरचा. चार्जिंगचं भोक.

पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तांब्याला आंबट किंवा खारट लागलं, ओल मिळाली, की हिरवट थर चढतो. टॅबच्या पिनांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, तो घासला गेला की खाली तांबंच. समुद्रावरून येणारं वारं मीठ घेऊन येतं, पावसाळ्यात कपाटातसुद्धा हवा ओली असते, आणि मीठ हवेतली ओल ओढून धरतं. त्यात करंट सोडला की कळकणं कितीतरी पटीने वाढतं. 2021 मध्ये 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर कित्येक दिवस माझ्या टेबलावर चिखलाने भरलेल्या फोनांची रास होती. ज्यांनी फोन काढून नुसता बाजूला ठेवला होता, त्यांचे बरेच वाचले. ज्यांनी चालतोय का म्हणून लगेच चार्जरला लावले, त्यांच्या बोर्डावरच्या रेघा खाल्ल्या गेल्या होत्या.

तांदळाबद्दल शेजारणीला काही बोलू नका, तिने मायेनेच सांगितलं. पण तांदळाने आतली ओल निघत नाही. उलट तांदळाची भुकटी त्या भोकात जाते, कणीही अडकते, आणि ओलीने त्याची लापशी होते. म्हणजे तुमच्या टॅबच्या भोकात आता मीठ, साडीचे धागे आणि तांदळाचं पीठ, तिन्ही असायची शक्यता आहे.

दुपारी अंगणात उन्हाच्या कडेला बसा, ऊन टॅबवर नको, भोकावर उजेड पडेल असं. चार्जर काढलेला असू द्या. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. टाइप-सीच्या भोकात मधोमध एक पातळ जीभ दिसते, तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा पिना असतात. धागे या जिभेवर नसतात, तळाशी बसलेले असतात. प्रत्येक वेळी केबल घुसवली की आपणच ते आत ठासत जातो, त्यामुळे तळ नमद्यासारखा घट्ट झालेला असतो. लाकडी टूथपिक घ्या, टोक थोडं चपटं करा, आणि जिभेला न लागता भिंतीच्या कडेने तळाशी नेऊन बाहेर ओढा. सुई, सेफ्टी पिन, हेअर पिन अजिबात नको. धातूने दोन पिना एकत्र आल्या तर शॉर्ट होतो, आणि जीभ एकदा मोडली की जॅकच, म्हणजे ते अख्खं भोकच, बदलावा लागतो. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते.

मागे हर्णैहून एक आजोबा टॅब घेऊन आले होते, तीन ठिकाणी "बॅटरी गेली" ऐकून. मी टूथपिकने तळातून ओढलं तर पायपोसाच्या धाग्यासारखा करडा गोळा निघाला, त्यात वाळूचे दोन दाणे चमकत होते. केबल लावली आणि टक् असा आवाज आला. आजोबा म्हणाले, हा आवाज वर्षभर ऐकला नव्हता. तो टक् लक्षात ठेवा. केबल पूर्ण बसली की तो येतो, आणि प्लगच्या धातूचा भाग बाहेर दिसत नाही. रेघभर जरी बाहेर दिसत असेल तर तळाशी अजून काहीतरी आहे.

हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, दुकानदार त्याला आयपीए म्हणतात. मऊ, अगदी बारीक ब्रश त्यात नुसता ओला करून दोन-तीनदा फिरवा, मग टॅब भोक खाली करून तास-दीड तास पंख्याखाली ठेवा. हातावरचं सॅनिटायझर, अत्तर, रॉकेल यातलं काही चालणार नाही. केबलच्या टोकालाही तेवढंच पुसा, कळकलेली केबल चांगल्या जॅकला परत खराब करते.

इतकं झाल्यावर आता पेज. चांगला चार्जर, चांगली केबल, खात्रीचा सॉकेट. टॅब कव्हर काढून, गादीवर किंवा कपड्यावर न ठेवता, फरशीवर ठेवा. लावा आणि विसरा. बटण दाबायचं नाही. पहिला तास बघायचंसुद्धा नाही. तासाने नुसता हात लावून बघा, थोडा कोमट लागला तर पेज पोटात जातेय. चटका बसेल इतका गरम लागला तर लगेच काढा. चित्र आलं नसेल तर आणखी तीन-चार तास राहू द्या, पण दिवसाउजेडी, तुम्ही घरात असताना. रात्रभर नको.

मग बटणाकडे या. चार्जर लावलेलाच ठेवून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मनात मोजा. काही झालं नाही तर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दोन्ही मिळून पंधरा-वीस सेकंद. पुष्कळ अँड्रॉइड टॅब याने जबरदस्तीने पुन्हा सुरू होतात, आणि यात आतलं काही पुसलं जात नाही. (कुणाकडे आयपॅड असेल आणि खाली गोल बटण असेल तर ते आणि पॉवर एकत्र धरायचं. गोल बटण नसेल तर आवाजाची दोन्ही बटणं एकामागून एक दाबून सोडायची आणि वरचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरायचं.) एक लक्षात ठेवा, पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण मिळून दाबलं तर काही टॅबमध्ये इंग्रजी अक्षरांची काळी यादी येते. त्यात डेटा पुसायचा पर्याय असतो. ती आली तर काही निवडू नका, पॉवरचं बटण लांब दाबून बाहेर या.

अंधाऱ्या खोलीत जाऊन पडद्यावर तिरका टॉर्चही मारून बघा. अंधुक चित्र दिसलं, किंवा चार्जर लावताना टॅब थरथरला, आवाज आला, तर टॅब जिवंत आहे, फक्त पडद्यामागचा दिवा गेलाय. मग काम पडद्याचं, मदरबोर्डचं, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचं, नाही.

कंपनीचं नाव दिसून परत विझत असेल तर तेही चांगलंच लक्षण समजा. पोट अजून भरलेलं नाही, दोन तास आणखी लावा.

यातलं काहीच झालं नाही तर चिपळूणला जा, पण पुतण्याला एकट्याला पाठवू नका. चार्जर आणि केबल दोन्ही सोबत घ्या, आणि शक्यतो दुसऱ्या दुकानात जा. आधीचा दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण मदरबोर्ड गेला हे कशावरून ठरवलं, ते त्याने सांगायला हवं होतं. यूएसबीचा छोटा मीटर लावायला सांगा, त्यावर व्होल्ट आणि अँपियर दिसतात. 5 व्होल्ट आणि 0.00 अँपियर म्हणजे करंट आत शिरतच नाही, तेव्हा आधी जॅक किंवा चार्जिंगचा छोटा बोर्ड बघायचा. थोडा करंट जातोय पण टॅब उठत नाही, तर आधी बॅटरी बघायची. टॅब उघडल्यावर बॅटरीवर मीटर लावून तिचा आकडा तुम्हाला दाखवायला सांगा. आकडा 2 व्होल्टच्याही खाली असेल तर काही जण "बूस्ट करून देतो" म्हणतात. इतके दिवस तळाला गेलेल्या सेलमध्ये आतल्या आत तांबं विरघळून शॉर्टची वाट तयार होऊ शकते. तशी बॅटरी बूस्ट करून घरात वापरू नका, नवी टाकून घ्या. जॅक, बॅटरी आणि मदरबोर्ड या तिघांचा खर्च वेगवेगळा सांगायला सांगा. पहिल्या दोन्हींत आतली यादी जशीच्या तशी राहते. मदरबोर्ड बदलला तर यादी जुन्या बोर्डाबरोबर जाते, म्हणून यादी तुमच्या खात्यात सापडली नसेल तर बोर्ड बदलायला नको, दुरुस्त करायला सांगा. सहा हजारांत नवा बोर्ड टाकण्यापेक्षा मग नवा टॅब बरा, इथे मी त्या दुकानदाराशी सहमत आहे.

टॅब सुरू झालाच, तर यादी त्याच दिवशी गूगल शीट्समध्ये उतरवा आणि फोनवरही दिसते का बघा. एक प्रत वहीतही असू द्या. पुढच्या आगोटीला पापड-कुरडयांचे डबे भराल तेव्हा टॅबचाही डबा भरा. अर्धा चार्ज करा, पॉवरच्या बटणाने पूर्ण बंद करा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून त्या सोबत टाका. चार्जर बोर्डातून काढून त्याच डब्यात. आणि डोंबिवलीला निघालात तर तो डबाही सोबत न्या, दोन महिन्यांनी एकदा अर्ध्यापर्यंत भरला की झालं.

परतीच्या पावसात विजा होतील, तेव्हा तो चार्जरला लावलेला नको. पेज देऊन काय झालं, ते मला कळवा, आणि मीटरवरचे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. ते आकडे कळले तर पुढचं इथून सांगता येईल.